नवरा-बायकोला स्कूबासाठी अंदमान की मालदीव? बायकोला पोहता येत नाही, पाणी गरम हवं

डोळे झाकून अंदमान, त्यातही हॅवलॉक (आता नाव स्वराज द्वीप). पाणी साधारण २७-२९ डिग्री असतं त्यामुळे कुडकुडायचं काम नाही आणि वहिनींना पोहता येत नसलं तरी इन्स्ट्रक्टर धरून १२ मीटरच्या आतच नेतो, तोवर तुमचं ओपन वॉटर कार्ड (स्कूबाचा पहिला कोर्स केल्याचं सर्टिफिकेट) असेल तर तुम्ही खोल डाईव्ह मारून या. मालदीव भारीच, पण तिथे बऱ्याच साईटवर पाण्याखालचा करंट (प्रवाह) जोरात असतो, नवख्या माणसाची फाटते राव! जानेवारी ते एप्रिल बघा. आणि हो, शेवटच्या डाईव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, म्हणून शेवटचा दिवस नुसता राधानगर बीचवर लोळायला ठेवा.