गडगा घालण्याआधी
नवी जागा घेतलीत, पण गडग्याची, म्हणजे हद्दीवरच्या दगडी कुंपणाची, घाई नको. सातबाऱ्यावर क्षेत्र कळतं, हद्द नाही. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, त्या दिवशी शेजाऱ्यांना बांधावर बोलवा, 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा, जपून ठेवा. गडग्याची पूर्ण जाडी, पायासकट, आपल्याच हद्दीत धरा. उतार असेल तर तळाच्या थरात पाच-सहा फुटांवर वीतभर भोकं सोडाच. नाहीतर जुलैत पाणी मागे तुंबतं, माती फुगते आणि चिरे शेजाऱ्याच्या परसात! पागोळीचं पाणीही तिकडे नको. माड हद्दीपासून बारा-पंधरा फूट आत लावा, झावळ कौलांवर पडली की बोलणं बंद होतं. शेजारची आत आलेली फांदी विचारूनच तोडा. काजूची असेल तर बिया उतरल्यावर, मेअखेरीस.