उसुईंच्या समाधीला पहिल्यांदा जाताना

रेकी या हातांच्या स्पर्शाने करायच्या उपचारपद्धतीचे प्रवर्तक मिकाओ उसुई यांची समाधी तोक्योच्या सुगिनामी भागात, साइहोजी मंदिराच्या आवारात आहे. मारुनोउची मेट्रो मार्गावरच्या शिन-कोएन्जी स्टेशनवर उतरून चालत जा. शेजारचा उंच शिलालेख शिष्यांनी १९२७ साली उभारला. त्याचं भाषांतर आधी वाचूनच जा, ऐनवेळी जुनी जपानी उलगडत नाही.

फुलांच्या दोन सारख्या जुड्या आणि उदबत्त्या न्या. आधी दगडावर पाणी घाला, मग फुलं, शेवटी उदबत्ती. तिची ज्योत फुंकू नका, हाताने वारा घाला. नैवेद्य परत उचला. आपल्याकडे कावळा शिवायची वाट बघतात, तिथे तो सगळं विस्कटतो. स्फटिक, चिठ्ठ्या ठेवू नका. आणि घोळक्याने रेकी देत बसू नका, कृपया! आजूबाजूला इतर घराण्यांच्या समाध्या आहेत, त्यांची माणसं येत असतात.