जुन्या चेतक स्कूटरचं इंजिन खोलण्याआधी

फ्लायव्हील (क्रँकच्या टोकावरचं जड चाक) पुलरनेच, म्हणजे खेचून काढायच्या हत्यारानेच काढ. हातोडी मारलीस तर क्रँकही (पिस्टन फिरवतो तो दांडा) जाईल. पिस्टनच्या पिनचे सर्कलिप (पिन अडवणाऱ्या तारेच्या क्लिपा) काढताना क्रँककेसच्या, म्हणजे क्रँक बसतो त्या पेटीच्या तोंडात फडकं कोंब. क्लिप आत पडली तर सगळं क्रँककेस उघडावं लागतं. सिलिंडरला नख अडकेल अशी रेघ असेल तर नुसत्या रिंगांनी भागत नाही, बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठा करणं) आणि ओव्हरसाइज पिस्टन. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे.

खरा घोळ क्रँकच्या दोन टोकांच्या ऑइल सीलचा. ठाण्याच्या पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या गाडीत क्रँक बेअरिंगला गंज चढतो, सीलचं रबर कडक होतं. फ्लायव्हीलकडचं सील हवा खेचू लागलं की मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि गाडी आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न देता उभी असताना, आपोआप रेस होते; मग कार्बोरेटरचे स्क्रू कितीही पिळ, उपयोग शून्य. क्लचकडचं गेलं तर गिअर ऑइल जळून दाट धूर. दोन्ही बदलच, स्वस्तात येतात.

पॉइंटचा (इग्निशनचे उघडझाप करणारे संपर्क) गॅप ०.४ मिमी, प्लगचा ०.६. पेट्रोलच्या लिटरला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल). पहिले ५०० किमी जोर लावू नकोस. नंतर घोडबंदर रोडला मोकळा पट्टा (मिळालाच तर!) बघून तिसऱ्या गिअरमध्ये ओढ, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद कर आणि प्लग काढ. प्लगचं टोक विटकरी दिसायला हवं. पांढरं दिसलं तर मिश्रण लीन; कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोलचं मुख्य भोक) एक नंबर मोठा.