आधी आकडा काढ

प्रिय वकीलसाहेब (ही हाक अजून अंगवळणी पडली नसेल, पडेल),

तुझं पत्र वाचलं. रुग्णालयातल्या सफाईच्या मावश्या कंत्राटदाराकडून प्रत्येकी दहा हजार घेऊन सही करायला निघाल्यात, आणि ते तुझ्या जिव्हारी लागलंय. असल्या किरकोळ केसेसमध्ये झिजण्यापेक्षा सगळ्या कंत्राटी कामगारांसाठी हायकोर्टात एकच जनहित याचिका टाकावी का, असं विचारतोस. मावश्यांनी माती खाल्ली असं तू लिहिलेलं नाहीस, पण सूर तोच आहे.

एवढ्या लांबलचक पत्रात एक गोष्ट मात्र मला कुठेच सापडली नाही. कुठल्या मावशीचे किती रुपये बुडालेत? कंत्राटदार नालायक, कामगार अधिकारी सुस्त, व्यवस्था सडकी, सगळं आहे. बरं. आकडा कुठे आहे?

कागद घे. ड्युटी बारा तासांची, मस्टरवर आठ, पगार आठचाच, हे तूच लिहिलंयस. म्हणजे रोजचे चार तास जादा. महिन्याचे 26 दिवस धरले तर 104 तास. जादा कामाला दुप्पट दर, म्हणजे 208 तासांचे पैसे. आता साध्या महिन्याचे तास मोज. 26 गुणिले 8, तेही 208. डोक्यात शिरलं का? दर महिन्याला प्रत्येक मावशीचा एक अख्खा पगार बुडतोय. वर्षाचे बारा पगार. आणि समोरून आलेत दहा हजार! त्यात यातला एकतरी पगार बसतो का, ते तूच बघ.

हा झाला नुसता ओव्हरटाइम. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, कंत्राटदार जुन्याच दराने देत राहतो. 50 किंवा जास्त कामगार असतील तर 1983 च्या कायद्याने किमान 5 टक्के घरभाडे भत्ता आहे, तो पुष्कळ वकिलांनीही ऐकलेला नसतो. गणवेशाचे म्हणून कापलेले पैसे आहेत का? पीएफमधला मालकाचा हिस्साही मावशीच्याच पगारातून वळता केलाय का? बँकेत पूर्ण पगार जमा दिसत असेल तर एटीएम कार्ड कोणाच्या खिशात असतं ते विचार. पगार झाल्यावर सुपरवायझरला रोख परत द्यावी लागते का तेही विचार, पण सगळ्यांसमोर नको, एकेकीला बाजूला घेऊन.

मस्टर आठ तास म्हणतंय तर बारा कसे दाखवायचे, ही तुझी शंका रास्त आहे. त्यांच्या घरी जा. मागे एका केसमध्ये मावशींच्या भिंतीवर कालनिर्णय होतं. दुधाच्या पिशव्यांच्या निळ्या रेघा, आणि त्याच चौकोनांत लाल पेनाने ‘रा’. रात्रपाळी. आदल्या वर्षीचं कॅलेंडर फडताळात डब्यांखाली अंथरलेलं निघालं, तेही तेलाच्या डागांसकट हजर केलं आणि त्यावर निशाणी, म्हणजे पुरावा म्हणून कोर्टाचा क्रमांक, पडली. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारलं, ‘रा’ म्हणजे रात्रपाळीच कशावरून, रामनवमी का नाही? मावशी म्हणाल्या, “रामनवमी दर आठवड्याला येते का साहेब?”

आता तडजोड. ती करायची की नाही हे मावश्या ठरवतील, तू नाही. जिच्या मुलीची फी याच महिन्यात भरायची आहे तिला तीन वर्षांनी मिळणाऱ्या न्यायाचं कौतुक सांगू नकोस. पण सही करायच्या आधी तिचा आकडा तिच्यासमोर, तिच्या हातातल्या कागदावर असला पाहिजे. किती सोडतेय हे कळून दहा हजार घेतले, तर तो तिचा निर्णय. न कळता घेतले, तर तिला दोघांनी फसवलं, एक कंत्राटदाराने आणि दुसरं तू. चिडू नकोस. आकडा बघितल्यावर सहीचा कागद बाजूला सारून उठलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. ज्या उठत नाहीत त्याही मग दहावर थांबत नाहीत.

जनहित याचिकेचं म्हणशील तर सुप्रीम कोर्टाचा 1982 चा एशियाडच्या बांधकाम मजुरांचा निकाल पुन्हा वाच, ज्याचा तू एवढा हवाला देतोस. राज्यघटनेचं अनुच्छेद 23 आणि सक्तीची मजुरी हा भाग सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या मुळाशी काय होतं? किमान वेतन रोजचे 9 रुपये 25 पैसे. मधला जमादार त्यातला एक रुपया कापायचा, मजुराच्या हातात 8 रुपये 25 पैसे. अभ्यासकांनी साइटवर जाऊन चौकशी केली, तो रुपया कागदावर आणला, म्हणून न्यायमूर्ती भगवतींपुढे बोलायला काहीतरी होतं. आकड्याशिवाय याचिका म्हणजे निबंध. शंभर मावश्यांचे तक्ते घेऊन ये, मीच तुझ्याबरोबर हायकोर्टात उभी राहीन.

मला बाररूममध्ये ‘मुनीमबाई’ म्हणतात, तुझ्या कानावर आलंच असेल. म्हणू देत. नाव ठेवणाऱ्यांच्या वसुली दाखल्यांचं, म्हणजे जिंकलेली रक्कम वसूल करायच्या कागदांचं, पुढे काय होतं ते मी बघितलंय. मालमत्तेचा तपशील नाही म्हणून तहसील कचेरीत धूळ खात पडतात, आणि तोवर कंत्राटदाराने बायकोच्या नावाने नवी फर्म काढलेली असते. मी पहिल्या दिवसापासून मूळ मालकाला, म्हणजे ज्याचं काम कंत्राटावर दिलंय त्याला, पक्षकार करते. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने भरायचा, हे 1970 पासून कायद्यात आहे. हो, माझ्या बरोबरीचे काही जण न्यायमूर्ती होऊन निवृत्तही झाले आणि मी तक्तेच भरत राहिले. वाईट वाटतं का? वाटतं. पण माझ्या पक्षकारांच्या पासबुकांत रकमा पडल्या. हे मी तुला पटवतेय की स्वतःला, ते सोडून दे.

तुला तर आता हत्यारंही बरी मिळालीत. किमान वेतनाच्या दाव्याला आम्हाला सहा महिन्यांची मुदत होती, विलंब माफीच्या अर्जातच निम्मा जीव जायचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली, मुदत तीन वर्षांची झाली आणि पैसे दिल्याचं सिद्ध करायचं ओझं मालकावर आलं. बारा तास राबल्याचं मात्र आपल्यालाच दाखवावं लागणार. जुन्या थकबाकीला ही मुदत लागू नाही असं समोरचा म्हणेलच. तू तक्त्यात संहितेआधीचे आणि नंतरचे महिने वेगळे मांड, म्हणजे तो वाद तेवढ्याच महिन्यांपुरता राहील.

फीचं विचारलंस. वसुलीतले टक्के घ्यायचे नाहीत. बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही, आणि टक्के ठरले की लवकर तडजोड व्हावी असं तुलाच वाटायला लागतं. ठरावीक रक्कम सांग, पावती दे. घरभाडं भागवायला भाडेकरार कर, नोटिसा कर. मीही केलंय, त्यात कमीपणा कसला?

आता लगेच करायचं ते ऐक. कंत्राटदाराच्या वकिलाला फोन करून सही पुढच्या आठवड्यावर ढकल. मूळ मालक म्हणून रुग्णालयाला नोटीस काढ, मस्टर आणि वेज रजिस्टर मागव. रविवारी मावश्यांना माझ्याकडे घेऊन ये. रात्रपाळी करून आलेल्यांना झोपू दे, त्यांचं नंतर बघू. पासबुकं, पगाराच्या चिठ्ठ्या, जुनी कॅलेंडरं, असेल ते सगळं आणायला सांग. कॅल्क्युलेटर तुझा आण, माझ्याचं साताचं बटण चालत नाही.