मी चौथीपर्यंतच शिकलो, मुलीचा अभ्यास कसा घेऊ?

प्रश्न : ताई, माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षरं लावत लावत वाचतो. बायकोला सहीपुरतं येतं. मुलगी आता पहिलीत जाईल. इतर आईबाप रोज अभ्यास घेतात हे बघून पोटात गोळा येतो. परवा तिनं गोष्टीचं पुस्तक हातात दिलं, तर 'चष्मा सापडत नाही' म्हणून वेळ मारून नेली. आमच्यामुळे ती मागं पडेल का? शिकवणी लावू का?
– एक वडील

उत्तर : दादा, शिकवणी नको. पहिलीच्या मुलाला तिची गरज नसते.

मी कितीतरी वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. मुलाची तयारी मी त्याच्या बोलण्यावरून जोखायचे. काल काय झालं ते क्रमानं सांगता येतं का, एकापाठोपाठ दोन कामं सांगितली तर ध्यानात राहतात का, दप्तर स्वतःचं स्वतः भरतं का. यातलं काही शिकवायला आईबापाला वाचता यावं लागत नाही. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे तीन हजार मुलांचा तिसऱ्या वर्षापासून पाठपुरावा करणारा मोठा अभ्यास झाला. आईबाप किती शिकलेत यापेक्षा ते घरी मुलांबरोबर काय करतात, म्हणजे गाणी, गोष्टी, अक्षरांचे खेळ, याचं वजन त्यात जास्त भरलं. (शिक्षणानं काहीच फरक पडत नाही, असं मात्र त्यात म्हटलेलं नाही. खोटा दिलासा मी देणार नाही.)

आता ते पुस्तक. चष्म्याची सबब पुन्हा सांगू नका. मुलं अशी सबब फार लवकर ओळखतात. 'मला हळू वाचता येतं, दोघं मिळून बघू' म्हणा आणि बोट ठेवून वाचा. अडलात तर अडा. मजकूर जास्त असेल तर सरळ सोडून द्या, चित्रावर बोला. हा का पळतोय? पुढं काय होईल? ती 'कुत्रा पळाला' म्हणाली, तर 'हो, घाबरून पळाला' अशी एका शब्दाची भर घाला. कितीतरी शिकलेल्या पालकांनाही हे जमत नाही, त्यांना पान संपवायची घाई असते.

वाचनाची पहिली तयारी कानानं होते. शब्दातला आवाज सुटा ओळखता आला की तो अक्षराशी जोडणं सोपं जातं. 'म'चे शब्द शोधा, शब्दांच्या भेंड्या खेळा. हे तिच्या आईलाही सहज जमेल. आकडे शंभरपर्यंत घोकवण्यापेक्षा समोरच्या वस्तूंना एकेक बोट लावून मोजू द्या.

'आम्ही अडाणी' हे तिच्यादेखत कुणाला सांगत बसू नका. शाळेतून आल्यावर आज कोणतं अक्षर झालं, ते कसं काढतात, हे तिलाच तुम्हाला शिकवू द्या.

वर्गाच्या बाईंना मात्र पहिल्याच भेटीत सांगा, 'लिहिलेलं आम्हाला नीट वाचता येत नाही, निरोप तोंडी द्या.' नाहीतर वहीतल्या सूचनेला उत्तर येत नाही आणि शिक्षकाला वाटतं, घरच्यांना पडलेलीच नाही. गृहपाठ अडला तर तसाच अर्धा पाठवा. दुसऱ्या कुणाकडून पूर्ण करून घेतलात, तर तिला काय येत नाही हे बाईंना कळणार कसं?