लेख वाचायला सुरुवात करताना

लेख हाती आला की आधी एवढंच बघ: लिहिणारा माहिती देतोय, मत पटवतोय की अनुभव सांगतोय? बातमीत महत्त्वाचं ते पहिल्याच परिच्छेदात येतं, तपशील खाली उतरत जातात; त्यामुळे ती अर्धी वाचली तरी चालते. वैचारिक लेखाचं तसं नाही. त्यातला मुद्दा हळूहळू उभा राहतो, आणि विरोधी बाजूला लेखक काय उत्तर देतो हे बहुधा उत्तरार्धात कळतं. तो अर्धवट सोडून मत बनवू नकोस. अग्रलेखाखाली सहसा नाव नसतं, कारण ती वृत्तपत्राची भूमिका असते. सदरात मात्र एकाच लेखकाची नजर पुन्हा पुन्हा भेटते. मुलाखत, परीक्षण हे नावावरूनच कळतात.

ललित लेख मला सगळ्यांत जवळचा. फ्रान्समध्ये माँतेन्य या लेखकाने १५८० साली स्वतःच्याच मनाचा शोध घेणारे निबंध छापले, तिथून या मोकळ्या लेखनाला बळ मिळालं. त्यात निष्कर्ष शोधू नकोस, सावकाश वाच.

शोधनिबंध अवघड वाटला तर आधी सारांश, मग निष्कर्ष, मग पद्धत असा क्रम धर. आणि एखादा लेख वस्तूचं फारच कौतुक करत असेल, तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलंय का ते बघ.