वाचक विचारतात : इंग्रज शिपायांचे वकील जॉन अ‍ॅडम्स

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या एकांकिकेचा विषय आहे 1770 मध्ये बोस्टनला इंग्रज शिपायांनी जमावावर केलेल्या गोळीबाराचा खटला. अमेरिकन क्रांतीचे पुढारी जॉन अ‍ॅडम्स यांनी इंग्रज शिपायांचे वकीलपत्र का घेतले? आणि त्या शिपायांचा अधिकारी कॅप्टन प्रेस्टन याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे केले तर चालेल का?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : ती साक्ष आधी काढून टाका. त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे आरोपीला स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष देता येत नसे. प्रेस्टनसाठी बोलतील ते साक्षीदार आणि वकील.

दोन खटले एकत्र करण्याचीही चूक हमखास होते. कॅप्टनचा खटला ऑक्टोबरात चालला, आठ शिपायांचा नोव्हेंबरअखेर सुरू झाला. खरे नाट्य इथेच आहे. कॅप्टनने हुकूम दिलाच नाही असे ठरले, तर ‘हुकूम पाळला’ हा शिपायांचा बचावच कोसळतो. म्हणून खटला कॅप्टनबरोबरच चालवा, असा अर्ज शिपायांनी केला. तो मान्य झाला नाही. प्रेस्टन सुटला. आता शिपायांसाठी उरला तो स्वसंरक्षणाचा मुद्दा, आणि तोही कॅप्टनचेही वकील असलेल्या अ‍ॅडम्सनाच मांडायचा होता.

पॅट्रिक कारचा प्रसंग मात्र सोडू नका. 5 मार्चच्या गोळीबारात मेलेल्या पाच जणांपैकी हा एक. जखमी होऊन नऊ दिवस जगला. शिपायांनी जीव वाचवायला गोळ्या झाडल्या, मारणाऱ्यावर राग नाही, असे त्याने डॉक्टर जेफ्रीजना सांगितले. डॉक्टरांनी ते कोर्टात सांगितले. आपल्याकडे मृत्यूपूर्व जबाब म्हणतात तोच हा पुरावा. बळी पडलेल्याचाच शब्द बचावाला मिळाला, याहून मोठे काय हवे!

ज्युरीत बारा जण बसवा, पण शिपायांच्या खटल्यात त्यांतला एकही बोस्टनचा नको. निकाल : सहा निर्दोष, किलरॉय आणि माँटगोमेरी सदोष मनुष्यवधाचे दोषी. मुळात पाद्र्यांसाठी असलेल्या, पहिल्या गुन्ह्याला फाशी माफ करणाऱ्या जुन्या सवलतीमुळे दोघांची फाशी टळली आणि अंगठ्यावर डाग देऊन त्यांना सोडले.

अ‍ॅडम्सनी पक्ष बदलला, असे संवाद लिहू नका. 1765 च्या स्टॅम्प कायद्याला, म्हणजे इंग्रज सरकारने वसाहतींतल्या कागदपत्रांवर लावलेल्या कराला, त्यांनी उघड विरोध केला होता. आरोपी कोणीही असो, त्याला वकील मिळालाच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. वकीलपत्र घेतल्यावर जूनमध्ये बोस्टनकरांनीच त्यांना विधिमंडळावर निवडून दिले. तो प्रसंग दोन खटल्यांच्या आधी ठेवा.